एकतेवरची विद्यार्थी निबंध स्पर्धा: प्रश्न ठरवण्यापासून सूचना अमलात येईपर्यंत

‘एकतेचे महत्त्व’ असा विषय दिला की कसे निबंध येणार, हे परीक्षकाला लिफाफे उघडण्याआधीच माहीत असतं. सुरुवातीला एकीचं बळ, मग काड्यांच्या मोळीची गोष्ट, पुढे विविधता, आणि शेवटी ‘चला, आपण सारे एक होऊ या’. मुलांना लिहिता येत नाही म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. आपण त्यांना काही विचारलेलंच नसतं. एक मोठा शब्द हातात देऊन त्याची स्तुती करायला सांगितलेलं असतं, आणि मुलं ती इमानेइतबारे करतात.

अशी स्पर्धा घ्यायचीच असेल तर ती वेगळ्या पद्धतीनं घेता येते. लिहिण्याच्या निमित्तानं मुलाला आपल्या आसपासची एखादी दरी प्रत्यक्ष दिसावी, दोन्ही काठांवरच्या माणसांशी त्यानं बोलावं आणि त्यानं सुचवलेलं काहीतरी पुढे खरंच घडावं, एवढं साधलं तर स्पर्धा सार्थकी लागली. आलेल्या निबंधांचा आकडा दुय्यम आहे. शाळा, महाविद्यालय, वाचनालय, युवक मंडळ, कोणीही आयोजक असलं तरी पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील. क्रम मात्र मोडू नका, विशेषतः पहिल्या दोन पायऱ्यांचा.

पायरी १: सूचना ऐकणार कोण, हे आधी ठरवा

विषय, तारीख, बक्षीस, पाहुणे या क्रमानं बहुतेक स्पर्धा ठरतात. तुम्ही शेवटाकडून सुरुवात करा. ज्यांच्या हातात काही बदलण्याचा अधिकार आहे अशा माणसांना जाहिरात काढण्याआधी भेटा: मुख्याध्यापक, ग्रंथपाल, रहिवाशांची समिती, मैदान किंवा उद्यान सांभाळणारं कार्यालय. त्यांच्याकडे एकच मागणी ठेवा. अंतिम फेरीतल्या निबंधांमधल्या सूचना ते वाचतील, त्यांपैकी निदान एक तीन महिन्यांत करून बघतील, आणि जी करता येणार नाही तिचं कारण मुलांना लेखी कळवतील. हे आश्वासनही लेखीच घ्या. तोंडी होकार निकालाच्या दिवसापर्यंत टिकत नाही.

नकार मिळाला तर खचून जाऊ नका. स्पर्धेचा आवाका कमी करा. शाळेबाहेरचं कोणी तयार नसेल तर प्रश्न शाळेच्या आवारापुरता ठेवा, कारण तिथले निर्णय तुमच्या हातात आहेत. ‘तुमच्या लेखणीनं समाज बदलेल’ असं मुलांना सांगायचं आणि निबंध कपाटात बंद करून ठेवायचे, हे मला अप्रामाणिक वाटतं. मुलांच्या ते लगेच लक्षात येतं आणि पुढच्या खेपेला ती फक्त परीक्षकाला आवडेल ते लिहितात.

वेळापत्रक ढोबळपणे असं धरा: तयारीला तीन आठवडे, मुलांना सहा आठवडे, परीक्षणाला तीन आठवडे, आणि निकालानंतर तीन महिने. मुलांचे सहा आठवडे कापू नका. बघणं, विचारणं, लिहिणं आणि पुन्हा लिहिणं एवढं त्यात बसवायचं आहे. परीक्षेचे दिवस आणि मोठ्या सुट्ट्या टाळल्या की झालं.

पायरी २: प्रश्न घडवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्पर्धेचा दर्जा परीक्षकांच्या टेबलावर ठरत नाही, तो या एका ओळीत ठरलेला असतो.

१७४९ साली फ्रान्समधल्या दिजों शहराच्या अकादमीनं एक निबंध स्पर्धा जाहीर केली. प्रश्न होता: विज्ञान आणि कला यांच्या पुनरुज्जीवनामुळे माणसांची नीतिमत्ता सुधारली आहे का? अकादमी ही ज्ञानविज्ञानाचा गौरव करण्यासाठीच चालणारी संस्था. तरी १७५० सालचं पारितोषिक तिनं दिलं ते ‘नाही’ असं ठणकावून सांगणाऱ्या निबंधाला. लेखक होते ज्यां-जाक रूसो, आणि या एका निबंधानं त्यांचं नाव युरोपभर झालं. आयोजकांना न रुचणारं उत्तरही जिंकू शकतं, अशी दिजोंच्या प्रश्नाची रचना होती. ‘एकता का आवश्यक आहे?’ या प्रश्नात ती सोय नाही. उत्तर प्रश्नातच भरून दिलेलं आहे.

प्रश्न तयार झाला की त्याला तीन कसोट्या लावा. खुर्चीतून न उठता त्याचं उत्तर लिहिता येतं का? येत असेल तर तो बदला. दोन प्रामाणिक मुलं त्याची परस्परविरोधी उत्तरं देऊ शकतील का? देऊ शकत नसतील तरीही बदला. तिसरी कसोटी नाजूक आहे आणि नेमकी तीच हुकते: या प्रश्नामुळे वर्गातल्या एखाद्या मुलावर ‘आपल्या लोकांची’ बाजू मांडायचं ओझं पडतं का? ‘वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांमध्ये सलोखा कसा वाढेल’ असं विचारलं की संख्येनं कमी असलेल्या गटातली मुलं एक तर जपून लिहितात, नाही तर स्पर्धेत उतरतच नाहीत. त्याऐवजी जागेबद्दल, सवयीबद्दल किंवा एखाद्या प्रसंगाबद्दल विचारा. मतभेदांचं मूळ तिथेही सापडतं, आणि ते कोणत्या मुलाच्या कपाळावर चिकटवावं लागत नाही.

काही नमुने देतो. हे तसेच वापरले तरी चालतील.

लहान गटासाठी, साधारण १० ते १२ वर्षं: ‘तुमच्या वर्गात किंवा तुम्ही राहता तिथे कोण एकटं पडतं? ते एकटं पडू नये म्हणून तुम्ही एका आठवड्यात काय केलं आणि मग काय झालं?’ या वयाच्या मुलांना समाजाबद्दल विचारू नका, कृतीबद्दल विचारा.

मधल्या गटासाठी, १३ ते १५: ‘सर्वांसाठी असलेली एक जागा निवडा: मैदान, वाचनालय, उद्यान, बसथांबा. तिथे कोण येत नाही? का येत नाही, हे त्यांच्याकडूनच जाणून घेऊन लिहा.’ किंवा: ‘रोज एकमेकांना दिसणारे पण कधीच न बोलणारे असे दोन गट शोधा. दोन्हींकडच्या निदान एकेका माणसाशी बोला.’

मोठ्या गटासाठी, १६ ते १८: ‘एकी टिकावी म्हणून अन्यायाबद्दल गप्प बसावं का? तुम्हाला माहीत असलेल्या एका प्रसंगाच्या आधारे लिहा.’ हा प्रश्न अनेक आयोजकांना धाडसी वाटतो, पण तो जरूर ठेवा. दडपून मिळवलेली शांतता आणि खरी एकी यांतला फरक या वयात कळू लागतो, आणि मुलांना त्यावर बोलायचं असतं.

एका गटाला दोन प्रश्न पुरेत. पाच-सहा दिले की मुलं सर्वांत सोपा निवडतात आणि परीक्षकांना तुलना करणं अवघड जातं.

पायरी ३: मार्गदर्शक शिक्षकांनी आधी थोडं वाचावं

‘सगळ्यांनी मिळून एक कार्यक्रम करू’ ही सूचना जवळपास प्रत्येक निबंधात येते. ती पुरेशी का नाही, हे मुलांना समजावून सांगायचं तर शिक्षकाला याविषयीचे तीन जुने अभ्यास माहीत हवेत.

१९५४ च्या उन्हाळ्यात मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह या ठिकाणी एक शिबिर भरवलं. साधारण ११ वर्षांची २२ मुलं, एकमेकांना अनोळखी, दोन गटांत विभागलेली. गटांमध्ये बक्षिसांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी इथपर्यंत मजल गेली. मग त्यांना नुसतं एकत्र आणून पाहिलं: एकत्र जेवण, एकत्र चित्रपट. भांडणं थांबली नाहीत. जेवणाच्या वेळी तर अन्नाची फेकाफेक झाली. फरक पडला तो दोन्ही गटांशिवाय सुटणार नाही अशी अडचण उभी राहिल्यावर. शिबिराचं पाणी बंद झालं, बिघाड शोधायला सगळ्यांना जावं लागलं. गाडी अडली, ती ओढायला सगळ्यांचे हात लागले. अशा प्रसंगांमधून वैर हळूहळू उतरलं. हे सगळे प्रसंग संशोधकांनी मुद्दाम घडवून आणले होते आणि मुलं एकाच पार्श्वभूमीची होती, म्हणून या प्रयोगावर टीकाही झाली आहे. तो नियम म्हणून सांगू नका. विचार करायला लावणारं उदाहरण म्हणून मात्र तो फार मोलाचा आहे.

त्याच वर्षी, १९५४ मध्ये, मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडलं की दोन गटांचा संपर्क पूर्वग्रह कमी करतो, पण त्याला चार गोष्टींची जोड हवी: त्या प्रसंगात दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट सामायिक असावं, ते गाठायला सहकार्य लागावं, आणि नियम किंवा अधिकारी व्यक्तींचा त्याला पाठिंबा असावा. पुढे १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, गोऱ्या आणि इतर मुलांच्या शाळा एकत्र झाल्यावर वर्गांत तणाव वाढला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. पूर्ण धडा समजायचा तर प्रत्येकाचं ऐकावंच लागे. ज्याला कोणी विचारत नव्हतं त्याच्याकडेही आता इतरांना लागणारं काहीतरी होतं.

ऑलपोर्ट यांच्या चार अटी साध्या भाषेत फळ्यावर लिहा आणि मुलांना आपापली सूचना त्यांवर तपासायला सांगा. ‘दोन्ही वर्गांची एकत्र सहल’ या सूचनेत सामायिक काम कुठे आहे? ‘वाचनालयाची पुस्तकं लावायला दोन्ही वर्गांतल्या जोड्या’ यात आहे.

शेरीफ यांच्या प्रयोगातून आयोजकांनी स्वतःसाठीही एक गोष्ट उचलावी. स्पर्धा गटांना तोडते, आणि आपण तर एकतेसाठी स्पर्धाच घेत आहोत. यावर एक चांगला तोडगा आहे: वैयक्तिक निबंधांबरोबर जोडनिबंधाचा एक विभाग ठेवा. दोन विद्यार्थी, वेगवेगळ्या शाळांतले किंवा तुकड्यांतले, आधी मैत्री नसलेले, मिळून एक निबंध लिहितील. जिथे दोघांचं पटलं नाही ते मतभेदही निबंधात मांडायची मुभा द्या. जमल्यास एकापेक्षा एक निबंध वाचायला मिळतात ते याच विभागात.

पायरी ४: नियमावली, एका पानात

दोन पानांची नियमावली कोणी वाचत नाही. पुढच्या गोष्टी तिच्यात असाव्यात.

शब्दमर्यादा: लहान गट ३०० ते ४००, मधला ५०० ते ७००, मोठा ८०० ते १०००. भाषा: विद्यार्थी ज्या भाषेत विचार करतो ती, फक्त त्या भाषेचा परीक्षक मिळणार आहे ना याची खात्री आधी करा. एकतेच्या स्पर्धेत एकाच भाषेची सक्ती करणं विसंगत आहे. प्रवेश शुल्क नको. हस्तलिखित आणि टंकलिखित दोन्ही चालावेत. ज्यांना हातानं लिहिणं शक्य नाही त्यांना तोंडी सांगून लिहवून घेण्याची किंवा ध्वनिमुद्रण पाठवण्याची परवानगी हवी, आणि ती नियमावलीतच छापलेली हवी, म्हणजे कोणाला वेगळी विनंती करावी लागणार नाही.

निबंधावरचा हक्क विद्यार्थ्याचाच राहील, आयोजकांना एका पुस्तिकेत छापण्यापुरती परवानगी असेल, असं स्पष्ट लिहा. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र घ्या: सहभागासाठी वेगळं, नाव आणि छायाचित्र प्रसिद्ध करण्यासाठी वेगळं. काही पालक पहिलं देतात, दुसरं देत नाहीत, आणि त्यांच्याकडे त्याची कारणं असतात. निबंधात ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांची खरी नावं, घराचा पत्ता किंवा ओळख पटेल असा तपशील नको.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं काय, हा प्रश्न आता प्रत्येक बैठकीत येतो. निबंध यंत्रानं लिहिला का हे ओळखणाऱ्या साधनांवर विसंबून कोणाला बाद करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच आपलं असं साधन अचूकता कमी असल्याचं सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी झालेल्या एका अभ्यासात अशा साधनांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे स्वतः लिहिलेले निबंध निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरवले होते. यापेक्षा सोपा आणि न्याय्य मार्ग आहे. निबंधासोबत टिपणवहीचं एक पान मागा: कुठे गेलो, कधी गेलो, कोणाला काय विचारलं, काय कळलं. अंतिम फेरीतल्या प्रत्येकाशी दहा मिनिटं गप्पा मारा. जो मैदानावर जाऊन आला आहे तो त्या दहा मिनिटांत निबंधात न आलेल्या चार गोष्टी सांगतो.

पायरी ५: मुलांना लिहितं करा

स्पर्धा जाहीर केल्यावर आयोजक निबंधांची वाट बघत बसतात. पहिल्या दोन आठवड्यांत एक-दीड तासाची कार्यशाळा घ्या आणि तिच्यात लिहायला सांगू नका. बघायला सांगा.

काम असं द्या: निवडलेल्या जागी, निरनिराळ्या वेळी, निदान दोनदा वीस मिनिटं शांत बसायचं. कोण येतं, कुठे बसतं, कोण आलं की कोण उठतं, एवढंच टिपायचं. कारणं लिहायची नाहीत. कारणं माणसांना विचारायची, आणि विचारताना ‘हो-नाही’मध्ये संपणारा प्रश्न टाळायचा. ‘तुम्हाला इथे यायला आवडतं का?’ यापेक्षा ‘तुम्ही इथे शेवटचं कधी आलात, तेव्हा काय झालं?’ यानं माणूस बोलता होतो. लहान मुलांनी अनोळखी व्यक्तींशी एकट्यानं बोलू नये. सोबत मोठं माणूस असावं. ज्याला बोलायचं नाही त्याच्या मागे लागायचं नाही, हेही शिकवा.

मग लिखाण. सुरुवात बदलली की निबंध बदलतो, हे नमुना दाखवल्याशिवाय पटत नाही. एक नेहमीची सुरुवात घ्या:

‘आज समाजाला एकतेची नितांत गरज आहे. माणूस माणसापासून दूर चालला आहे. ज्येष्ठ आणि तरुण यांच्यात दरी निर्माण झाली आहे.’

आता हाच विषय, पण जागेवर जाऊन आलेल्या मुलीच्या हातून कसा उतरेल, त्याचा मी रचलेला नमुना:

‘आमच्या मैदानाच्या टोकाला दोन बाक आहेत. संध्याकाळी पाचला तिथे आजी-आजोबा येऊन बसतात. सहाला मोठी मुलं चेंडू घेऊन येतात आणि आजी-आजोबा उठून जातात. कोणी कोणाला उठवत नाही. मी एका आजींना विचारलं, तुम्ही का उठता? त्या म्हणाल्या, “चेंडू लागला तर?” मग मी चेंडूवाल्या दादाला विचारलं. तो म्हणाला, “आम्हाला वाटलं, त्यांची घरी जायची वेळच सहाची असेल.”’

दुसऱ्या नमुन्यात ‘दरी’ हा शब्द नाही, तरी ती वाचकाला दिसते, आणि तिच्यावर काय करता येईल याचा विचार वाचणाराच करू लागतो. वर्गात दोन्ही उतारे मोठ्यानं वाचून दाखवा. जास्त समजावू नका, मुलांना फरक कळतो.

मधल्या भागात मुलानं दोन्ही बाजू तेवढ्याच मायेनं मांडल्या आहेत का, हे बघायला सांगा. बहुतेक निबंधांत एक बाजू बिचारी आणि दुसरी दुष्ट असते. ‘ज्यांच्याशी तुझं पटत नाही त्यांनी तुझा निबंध वाचला तर ते म्हणतील का, हो, आमचं म्हणणं हिनं नीट लिहिलं आहे?’ हा प्रश्न विचारला की पुष्कळदा अख्खा परिच्छेद नव्यानं लिहिला जातो.

शेवटी सूचना. तिच्यात चार गोष्टी असाव्यात: नेमकं काय करायचं, कोणी करायचं, किती दिवस करून बघायचं, आणि उपयोग झाला हे कशावरून ओळखायचं. मैदानाच्या उदाहरणात: गोलचे खांब बाकांच्या विरुद्ध टोकाला हलवायचे, खेळाडूंनी आणि आजी-आजोबांच्या प्रतिनिधींनी मिळून जागा आखायची, दोन आठवडे करून बघायचं, आणि सहानंतर बाकांवर किती जण थांबतात ते मोजायचं. ‘जनजागृती करावी’ ही सूचना नव्हे. ती लिहिलेली दिसली की मुलाला विचारा, कोणाची, कुठे, काय सांगून?

पहिला खर्डा आणि अंतिम प्रत यांत एक आठवडा जाऊ द्या. शिक्षकांनी खर्ड्यावर प्रश्न लिहावेत, वाक्यं लिहून देऊ नयेत. मोठ्यांच्या हातची वाक्यं परीक्षकांना ओळखू येतात, आणि खरं नुकसान तर मुलाचंच होतं: बक्षीस मिळालं तरी ते आपलं नाही, हे त्याला ठाऊक असतं.

पायरी ६: परीक्षण

१९१२ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या संशोधकांनी अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांकडे इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका तपासायला पाठवल्या. १४२ शिक्षकांचे गुण आले. एका उत्तरपत्रिकेला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले होते, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. १९६१ साली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या अभ्यासात ५३ वाचकांनी ३०० निबंध नऊ श्रेणींमध्ये विभागले. ९४ टक्के निबंधांना निरनिराळ्या वाचकांकडून सात, आठ किंवा नऊही वेगळ्या श्रेणी मिळाल्या. ‘आमचे परीक्षक अनुभवी आहेत’ हे पुरेसं उत्तर नाही. स्टार्च आणि इलियट यांचे शिक्षकही रोज उत्तरपत्रिका तपासणारेच होते.

यावर उपाय आहेत, आणि ते महागडे नाहीत. गुणांची विभागणी आधी ठरवून विद्यार्थ्यांनाही सांगा. माझी शिफारस: प्रत्यक्ष निरीक्षण आणि संवाद ३०, दोन्ही बाजूंची मांडणी आणि विचार २५, सूचनेचा नेमकेपणा २५, भाषा आणि रचना २०. भाषेच्या वीसपैकी शुद्धलेखनाला पाचपेक्षा जास्त देऊ नका आणि हस्ताक्षराला काहीच नको. सुंदर अक्षराचा प्रभाव नकळत पडतो, म्हणून शक्य असेल तर अंतिम फेरीतले हस्तलिखित निबंध टंकलिखित करून घ्या.

परीक्षण सुरू होण्याआधी सगळ्या परीक्षकांनी तेच पाच निबंध स्वतंत्रपणे तपासावेत आणि मग एकत्र बसून गुण ताडून पाहावेत. एकानं ८० आणि दुसऱ्यानं ५० दिले असतील तर चर्चा तिथेच होऊ द्या. या तासाभराच्या बैठकीनं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानंही पडत नाही. त्यानंतर प्रत्येक निबंध दोघांनी वाचावा, एकमेकांचे गुण न बघता. तफावत १५ गुणांपेक्षा जास्त असेल तर तिसऱ्याकडे द्यावा. गठ्ठ्याचा क्रम दोघांसाठी वेगळा ठेवा, कारण चाळिसाव्या निबंधाला पहिल्याइतकं ताजं मन मिळत नाही.

हिशोब आधीच करा. २०० निबंध, प्रत्येकी दोन वाचनं, एका वाचनाला दहा मिनिटं, म्हणजे ४००० मिनिटं, सुमारे ६७ तास. आठ परीक्षक असतील तर प्रत्येकाचे आठ तासांहून जास्त. तेवढे परीक्षक मिळत नसतील तर प्रत्येक शाळेनं पाठवायच्या निबंधांची मर्यादा ठरवा. घाईनं वाचण्यापेक्षा ते बरं. परीक्षकांमध्ये भाषेचे शिक्षक असावेतच, शिवाय समाजात काम करणारं एखादं माणूस आणि मागच्या वर्षी भाग घेतलेला एखादा मोठा विद्यार्थीही असावा.

नावं झाकण्यासाठी अठराव्या शतकातल्या अकादम्यांची पद्धत आजही उत्तम आहे. तेव्हा लेखक निबंधावर नाव न घालता एक बोधवाक्य लिही, आणि तेच बोधवाक्य वर लिहिलेल्या बंद लिफाफ्यात आपलं नाव ठेवी. विजेता ठरल्यावरच लिफाफा उघडत. तुम्ही बोधवाक्याऐवजी क्रमांक वापरा, पण क्रमांकांची यादी परीक्षकांपैकी कोणाकडेही असू नये.

आणखी एक तयारी हवीच, ती बहुधा कोणी करत नाही. अशा विषयांवर लिहिताना एखादं मूल स्वतःवरच्या छळाबद्दल, मारहाणीबद्दल किंवा टोकाच्या एकटेपणाबद्दल लिहून जातं. असा निबंध आला तर परीक्षकानं गुण बाजूला ठेवून त्याच दिवशी कोणाला कळवायचं, त्या व्यक्तीचं नाव आधी ठरलेलं असावं: शाळेचा समुपदेशक किंवा बालसंरक्षणाची जबाबदारी असलेली व्यक्ती. तो निबंध पुस्तिकेत छापायचा नाही, चर्चेत आणायचा नाही, आणि पुढे काय करायचं हे मुलाला विश्वासात घेऊनच ठरवायचं.

पायरी ७: निकाल

भाग घेतलेल्या प्रत्येकाला दोन ओळींचा अभिप्राय पाठवा: एक गोष्ट जी भावली, एक जी पुढच्या वेळी करून बघता येईल. ‘छान प्रयत्न’ असा शिक्का नको. हे काम वेळखाऊ आहे, पण ज्यांना बक्षीस मिळालं नाही त्यांच्यापर्यंत स्पर्धा पोहोचते ती याच दोन ओळींतून.

पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक देण्यापेक्षा प्रत्येक गटातून तीन-चार ‘निवडक निबंध’ जाहीर करावेत, या मताचा मी आहे. रोख बक्षिसाचा मोठा भाग विजेत्याच्या हातात न देता त्याच्या सूचनेच्या अंमलबजावणीसाठी राखून ठेवा. समारंभात पाहुण्यांचं भाषण लहान आणि मुलांचं वाचन मोठं ठेवा, आणि निबंधात ज्या जागेबद्दल लिहिलं आहे तिथल्या माणसांना बोलवा.

१९४४ च्या एप्रिलमध्ये पंधरा वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग जॉर्जिया राज्यातल्या डब्लिन गावी एका वक्तृत्व स्पर्धेत राज्यघटना आणि कृष्णवर्णीयांचे हक्क या विषयावर बोलले. त्याच दिवशी अटलांटाला परतताना बसमध्ये त्यांना आणि त्यांच्या शिक्षिकेला गोऱ्या प्रवाशांसाठी जागा सोडून उभं राहावं लागलं. सभागृहात मुलाचे शब्द ऐकले गेले तरी बाहेरचा रस्ता आपोआप बदलत नाही. म्हणून आठवी पायरी.

पायरी ८: पुढचे तीन महिने

निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत बैठक घ्या. पहिल्या पायरीत ज्यांनी लेखी आश्वासन दिलं ती मंडळी, निवडक निबंधांचे लेखक, आणि त्या निबंधांत ज्यांचा प्रश्न मांडला आहे त्यांच्यापैकी दोघं-तिघं, एवढ्यांची. एकच सूचना निवडा, आणि शक्यतो सगळ्यात लहान. मोठी सूचना परवानग्यांमध्ये अडकते आणि मुलांचा उत्साह मावळतो. निवडलेल्या सूचनेला एक जबाबदार प्रौढ, एक तारीख आणि मोजायची एक गोष्ट जोडा. निबंध लिहिणारं मूल समितीत असावं, पण सगळं काम त्याच्या अंगावर पडू नये.

ज्या सूचना घेतल्या नाहीत त्यांची कारणं लेखकांना कळवा. ‘विचाराधीन आहे’ असं लिहू नका. ‘जागा दुसऱ्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, त्यांना पत्र पाठवलं आहे, त्याची प्रत सोबत’ असं लिहा.

तीन महिन्यांनी समितीतल्या मुलांनी स्वतः एका पानाचा अहवाल लिहावा: काय करायचं ठरलं होतं, काय झालं, काय झालं नाही आणि का, आणि ज्यांच्यासाठी केलं ते आता काय म्हणतात. फसलेला प्रयोगही तेवढ्याच मोकळेपणानं लिहू द्या. हा अहवाल सर्व सहभागी शाळांना पाठवा आणि निबंधांच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापा. पुढच्या वर्षीचा प्रश्न ठरवायला बसाल तेव्हा ‘काय झालं नाही आणि का’ हा रकाना आधी वाचा. प्रश्न बहुधा त्यातच सापडतो.